सैन्याला मोकळीक दिली म्हणजे राजकीय इच्छाशक्ती दाखवली का?

माळरान

‘ऑपरेशन सिंदूर’बद्दल गणवेशातल्या दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या. २०२५ च्या जूनमध्ये जकार्तातल्या एका चर्चासत्रात आपल्या दूतावासातले संरक्षण अधिकारी म्हणाले, की पाकिस्तानचे लष्करी तळ आणि हवाई संरक्षण यंत्रणा यांना हात लावायचा नाही असं राजकीय नेतृत्वानं सांगितलं होतं, म्हणून आपली काही विमानं पडली. दूतावासानं नंतर खुलासा केला, की त्यांचं बोलणं संदर्भ सोडून उचललं गेलं. मग ऑगस्टमध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरूला एल. एम. कात्रे स्मृती व्याख्यानात सांगितलं, की राजकीय इच्छाशक्ती अगदी स्पष्ट होती, आमच्यावर बंधनं नव्हती, आणि असलीच तर ती आम्हीच घालून घेतलेली होती.

तेव्हापासून एकच वाद ऐकतोय. सैन्याचे हात बांधलेले होते की मोकळे? बांधलेले असतील तर सरकार भित्रं, मोकळे असतील तर सरकार खंबीर. मला ही मोजपट्टीच चुकीची वाटते, आणि घातकही.

लढाई कशासाठी करायची, कुठे थांबायची, तिची किंमत किती मोजायची, हे ठरवणं निवडून आलेल्या माणसांचं काम आहे. ते न ठरवता सेनापतींना ‘काय करायचं ते तुम्ही बघा’ सांगितलं की आपण त्याला खंबीरपणा म्हणतो. माझ्या मते ती जबाबदारी ढकलणं झालं. यश आलं तर श्रेय वर जातं, फसलं तर दोष खाली येतो.

कारगिल घ्या. मे १९९९ मध्ये वाजपेयी सरकारनं हवाई दल वापरायला परवानगी दिली, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही अशी अट घातली, विमानांनाही आणि पायदळालाही. माथ्यावर बसलेल्या शत्रूची रसद पलीकडून तोडायचा मार्ग त्या अटीनं बंद झाला. तोलोलिंग काय, टायगर हिल काय, आपली मुलं उघड्या कड्यांवरून चढत गेली. ५२७ जवान गेले. हात बांधल्याचं याहून ढळढळीत उदाहरण मिळणार नाही. तरीही त्या निर्णयाला मी इच्छाशक्तीचा अभाव म्हणणार नाही. अट स्पष्ट होती, तिच्यामागचं कारण स्पष्ट होतं आणि तिची जबाबदारी मंत्रिमंडळाची होती. लष्करप्रमुख मलिक यांनी ती मान्य केली आणि गरज पडली तर फेरविचार करावा लागेल हेही बजावून ठेवलं. त्या संयमानं जगाचं मत आपल्याकडे वळलं, आणि ४ जुलैला नवाझ शरीफ यांना वॉशिंग्टनला जाऊन माघार कबूल करावी लागली.

आता त्याच सरकारचा दुसरा निर्णय. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. हुकूम जोरकस होता, सगळं सैन्य सीमेवर. पण तिथे जाऊन काय साधायचं हे कोणी ठरवलंच नाही. दहा महिने लाखो जवान सीमेवर उभे राहिले. १४ मे २००२ ला जम्मूजवळ कालूचकला अतिरेक्यांनी जवानांच्या बायकामुलांना मारलं, तरी पुढचं पाऊल ठरेना. ऑक्टोबरमध्ये सैन्य परत फिरलं. सुरुंग पेरताना आणि काढताना किती जण गेले आणि किती जायबंदी झाले, याची आठवणही आता कोणाला नसते.

दोन्ही वेळी पंतप्रधान तेच, मंत्रिमंडळातले मोठे चेहरे तेच. फरक पडला तो उद्दिष्ट ठरवण्यानं. विरोधी मतं असतील तर जरूर लिहा, मला तीच वाचायची आहेत.


ठाम मत

माळरान, कारगिलचं उदाहरण तुम्ही सोयीनं निवडलंय. तिथे समोर खंदकात बसलेलं सैन्य होतं. दहशतवादाशी आपण कसे वागलो ते बघायचं तर वेगळ्या तारखा काढाव्या लागतील.

८ डिसेंबर १९८९ ला गृहमंत्र्यांची मुलगी रुबैया सईद हिचं अपहरण झालं. पाच दिवसांत पाच अतिरेकी सोडले. श्रीनगरमध्ये जल्लोष झाला, आणि बंदूक दाखवली की दिल्ली झुकते हे खोऱ्यातल्या प्रत्येक पोराला कळलं.

त्यानंतर दहा वर्षांनी आयसी-८१४ या प्रवासी विमानाचं अपहरण. २४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी ते विमान अमृतसरला उतरलं. आपला विमानतळ, आपली जमीन, विमानातलं इंधन संपत आलेलं. पाऊण तास ते तिथे उभं होतं! दिल्लीत बैठक चालू होती, एनएसजीची, म्हणजे दहशतवादविरोधी कमांडो दलाची, तुकडी पोचलेली नव्हती. शेवटी इंधनाचा टँकर पुढे घालून विमान अडवायचं ठरलं. टँकर येताना दिसला, वाटेत थबकला, आणि अपहरणकर्ते बिथरले. कॅप्टन देवी शरण यांना तशाच अपुऱ्या इंधनावर उड्डाण करावं लागलं. पुढे लाहोर, दुबई, कंदाहार. ३१ डिसेंबरला प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझहर सुटला, त्यानं जैश-ए-मोहम्मद ही दहशतवादी संघटना काढली, आणि संसद, पठाणकोट, पुलवामा ही पुढची यादी तुम्हाला पाठ आहे.

त्या पाऊण तासात उद्दिष्टात कसली अस्पष्टता होती? विमान उडू द्यायचं नाही, एवढंच होतं ना? ‘करा, जबाबदारी माझी’ असं म्हणणारा माणूस त्या खोलीत नव्हता. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर हवाई दल प्रत्युत्तराला तयार होतं, सरकारनं नको म्हटलं, हे माजी हवाई दलप्रमुख धनोआ यांनी जाहीर सांगितलंय. १६६ माणसं मेली आणि आपण पुराव्यांच्या फायली पाठवत बसलो. २०१६ ला उरीनंतर, २०१९ ला पुलवामानंतर आणि २०२५ ला पहलगामनंतर जे झालं, त्यानं पहिल्यांदा रावळपिंडीला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराला, हिशेब करावा लागतोय. सैन्य १९९९ लाही तेच होतं. बदललं ते वरचं माणूस.


तिठा

मूळ लेखात १९७१ कसं नाही याचं आश्चर्य वाटलं. एप्रिलमध्ये इंदिराबाई पूर्व पाकिस्तानात सैन्य घाला म्हणत होत्या आणि माणेकशा यांनी तोंडावर नकार दिला: पावसाळा येतोय, नद्यांना पूर येतील, हिमालयातल्या खिंडी उघड्या असताना चीनचा धोका, रणगाडे अपुरे. राजीनामाही पुढे केला. त्यांना वेळ मिळाला आणि डिसेंबरमध्ये तेरा दिवसांत ९३,००० कैदी. सेनापतीनं नाही म्हणायची हिंमत दाखवली आणि पंतप्रधानांनी ती ऐकून घेतली. यापलीकडे या विषयावर काय बोलायचं?


ओघवती

तिठा, ती हकिगत माणेकशा यांनी स्वतः भाषणांतून अनेकदा रंगवून सांगितली आहे, आणि ते बोलायचेही फर्डे. पण कागदपत्रं तपासणाऱ्या काही इतिहासकारांना ती पूर्ण पटलेली नाही. एप्रिलमध्ये लगेच युद्ध करावं असं खुद्द इंदिरा गांधींचंही मत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं आहे. निर्वासितांचा प्रश्न जगासमोर मांडायचा होता, ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनशी करार झाला, या सगळ्याला वेळ हवाच होता. थोडक्यात, थांबायचं हा राजकीय निर्णयही होता. आपल्याला सेनापती आणि नेता यांच्या जुगलबंदीची गोष्ट आवडते म्हणून आपण ती तशी लक्षात ठेवतो.

यानं माळरान यांचा मुद्दा पक्का होतो असं मला वाटतं. आठ महिने थांबणं, तेही एवढे निर्वासित रोज आत येत असताना आणि विरोधक ‘आत्ताच सैन्य घाला’ म्हणत असताना, हे हल्ल्याच्या हुकुमाइतकंच अवघड होतं.


गस्त

मी पायदळात होतो. पराक्रमच्या वेळी आमची पलटण राजस्थान सीमेवर होती. आधी सुरुंग पेरले, मग काढले. पेरण्यापेक्षा काढणं कठीण, कारण वाळू सरकते. नकाशात खूण एकीकडे असते आणि सुरुंग दुसरीकडे सापडतो, कधी कधी पाय पडल्यावरच. दहा महिन्यांत शत्रूची एक गोळी न झेलता माणसं गेली. त्यामुळे माळरान यांनी लिहिलेलं मला वाचायलाही जड गेलं.

पण राजकारण्यांची गाऱ्हाणी सांगायला मी लिहीत नाहीये. तुम्ही दोघांनीही लष्करी नेतृत्वाला अलगद बाजूला ठेवलंत. इच्छाशक्ती नव्हती, उद्दिष्ट नव्हतं, सगळं दिल्लीच्या माथी. मग जनरलसाहेब काय करत होते?

पराक्रममध्ये आपल्या हल्ला करणाऱ्या कोअर, म्हणजे सैन्याचे मोठे विभाग, अंबाला, मथुरा, भोपाळ अशा आतल्या छावण्यांतून निघाल्या आणि सीमेवर तयार व्हायला त्यांना साधारण तीन आठवडे लागले. तोवर १२ जानेवारीला मुशर्रफ दूरदर्शनवर भाषण करून मोकळे झाले होते आणि अमेरिकेचा दबाव सुरू झाला होता. म्हणजे पहिल्या आठवड्यात पंतप्रधानांनी ‘जा’ म्हटलं असतं तरी जाण्याच्या तयारीत कोणी नव्हतं. शेजारी अण्वस्त्रं घेऊन बसलाय आणि आपली रचना मोठ्या, संथ युद्धासाठीच आहे, हे वर ठणकावून सांगणं आणि दुरुस्त करून घेणं हे लष्करी नेतृत्वाचं काम होतं. लहान, चपळ तुकड्यांनी झटपट आत शिरायची ‘कोल्ड स्टार्ट’ची कल्पना नंतर आली.

दुसरं, श्रीलंकेतलं जाफना, आपली शांतिसेना तिथे होती तेव्हाचं. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी उतरवायची आणि ‘लिट्टे’चा, म्हणजे तमिळ वाघांचा, नेता प्रभाकरन याला पकडायचं असा बेत होता. वाघांना बेत आधीच कळला होता, ते मैदानाभोवती मोर्चे लावून बसले होते. शीख एलआयचे तीस जण उतरले. नंतरच्या फेऱ्या गोळीबारामुळे उतरूच शकल्या नाहीत. त्या तीस जणांपैकी एक वाचला, तोही वाघांच्या कैदेत. इच्छाशक्ती दिल्लीत तेव्हा भरपूर होती. कमी होती ती माहिती, आणि ‘एवढ्या माहितीवर मी माणसं पाठवणार नाही’ म्हणणारा अधिकारी.

रणांगणावरचं शौर्य आम्हाला शिकवावं लागत नाही. बैठकीत मंत्र्यासमोर, किंवा आपल्याच वरिष्ठासमोर, नकोसं खरं बोलणं फार थोड्यांना जमतं. निवृत्तीनंतर सगळेच बोलतात, वाहिन्यांवर रोज बोलतात. जनरल हुडा उरीनंतरच्या सर्जिकल स्ट्राइकच्या वेळी उत्तर विभागाचे प्रमुख होते. त्या कारवाईचा सतत गाजावाजा झाला तो बरा नव्हे, असं ते २०१८ मध्ये म्हणाले. मला त्यांचा आदर आहे, आणि तेही निवृत्त झाल्यावरच बोलू शकले याची खंत आहे.


ठाम मत

गस्तसाहेब, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण जाफनाचा दोष सैन्यावर टाकू नका. शांतिसेना म्हणून पाठवलेल्या पलटणींना दोन-तीन महिन्यांत ‘आता लढा’ सांगितलं कोणी?

आणि श्रीलंकेचाच विषय निघालाय तर पुढचंही बघा. २००५ नंतर महिंदा राजपक्षे यांनी ठरवलं, की वाटाघाटी पुरे. सेनापती सरत फोन्सेका, मागे खंबीर सरकार. मे २००९ मध्ये प्रभाकरन संपला. पाव शतक सगळे म्हणत होते, की याला लष्करी तोडगा नाही. तोडगा निघाला.


ओघवती

ठाम मत, त्या तोडग्याचं बिलही वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं म्हटलंय, की अखेरच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत. सरकारनं स्वतःच ‘गोळीबारमुक्त’ जाहीर केलेल्या पट्ट्यात तोफा डागल्या गेल्या. हे लोक श्रीलंकेचेच नागरिक होते. आपल्या काश्मीरमध्ये, आपल्या मणिपूरमध्ये असं करायची तुमची तयारी आहे का? नसेल तर ते उदाहरण आपल्या कामाचं नाही.

आणि त्या खंबीर जोडीचं काय झालं? फोन्सेका जानेवारी २०१० मध्ये राजपक्षे यांच्याविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, हरले, आणि फेब्रुवारीत त्यांना अटक झाली. विजय कोणाचा, यावरूनच दोघांचं फाटलं.


खाकी

सगळी चर्चा सीमा, विमानं आणि पलटणी यांच्याभोवती फिरतेय. दहशतवाद ज्यांनी खरोखर मोडून काढला त्यांचं नाव कोणी घेत नाही. तो पोलिसांनी मोडला.

पंजाबात एकाच जागी दोन कारवाया झाल्या. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात रणगाडे गेले. त्याची किंमत आपण कुठवर मोजली? पंतप्रधानांची हत्या, दिल्लीतलं शिखांचं हत्याकांड, आणि निवृत्त होऊन पुण्यात राहायला आलेले जनरल अरुणकुमार वैद्य यांचा १० ऑगस्ट १९८६ ला भर रस्त्यात खून. मे १९८८ मध्ये त्याच मंदिरात ‘ब्लॅक थंडर’ झालं. पोलीस आणि एनएसजी यांनी बाहेरून वेढा घातला, वीज-पाणी तोडलं, उंचावर नेमबाज बसवले आणि पत्रकारांना बघू दिलं. अतिरेकी हात वर करून रांगेनं बाहेर आले, आणि मंदिराचं त्यांनी आत काय केलं होतं ते सगळ्या पंजाबनं पाहिलं. पहिल्या कारवाईतून अतिरेक्यांना नवी भरती मिळाली. दुसरीनंतर त्यांची पत गेली.

२६/११ ची रात्र आठवा. साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. एनएसजीचे कमांडो हरियाणात मानेसरला, त्यांना नेणारं मोठं विमान चंदीगडला. पहाटे ते मुंबईत उतरले, विमानतळावरून बेस्टच्या बसनं दक्षिण मुंबईत गेले, आणि कारवाईला हात घालेपर्यंत सकाळ झाली. तोवर नौदलाचे थोडे मार्कोस कमांडो सोडले तर लढत होते मुंबई पोलीस. तुकाराम ओंबळे यांच्याकडे लाठी होती. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या पोटात घेतल्या, पण सोडली नाही. तो एक जिवंत सापडला म्हणून पाकिस्तानचा हात जगासमोर सिद्ध झाला. त्या रात्री हवाई हल्ल्याचा हुकूम कोणी दिला की नाही यावर ठाम मत बोलतात. मी विचारतो, एनएसजी चोवीस वर्षं एकाच ठिकाणी का होती? मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकात्याला केंद्रं झाली ती २००९ मध्ये. २६/११ च्या चौकशीसाठी नेमलेल्या प्रधान समितीनंतर ठरलेले मुंबईतले कॅमेरे पूर्ण बसायला २०१६ उजाडलं. निविदा निघायची, रद्द व्हायची, पुन्हा निघायची. इच्छाशक्ती बघायची तर मी त्या फायलीत बघेन. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राचा प्रस्ताव २०१२ मध्ये आला, तर राज्यांच्या अधिकारावर गदा येते म्हणून निरनिराळ्या पक्षांचे मुख्यमंत्री तुटून पडले. तो गुंडाळला गेला.

आणि आपल्याच राज्यातलं गडचिरोली. तिथल्या पोलिसांची नक्षलविरोधी तुकडी सी-६० उभी राहिली १९९० मध्ये. गोंडी, माडिया बोलणारी तिथलीच मुलं, ज्यांना जंगलातली वाट नकाशाशिवाय कळते आणि गावात कोण उपरा आहे ते चेहऱ्यावरून कळतं. मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक गेले, तरी दल खचलं नाही. २०२१ मध्ये मर्दिनटोल्याची मोठी चकमक झाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. पस्तीस वर्षांत सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली, दल तेच राहिलं. लष्कर उतरवावं लागलं नाही.


ठाम मत

खाकी, ओंबळे यांच्यापुढे नतमस्तक आहे. पण तुमचं पंजाब अर्धंच आहे. पोलीस १९८८ लाही होते, मग १९९२ पर्यंत रक्तपात का चालू राहिला? बेअंतसिंग मुख्यमंत्री झाले आणि पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांच्या मागे पहाडासारखे उभे राहिले, तेव्हा चित्र पालटलं. त्या पाठिंब्यापायी बेअंतसिंग ३१ ऑगस्ट १९९५ ला स्फोटात गेले. म्हणजे पुन्हा राजकीय इच्छाशक्तीच.

आणि गडचिरोलीचा नक्षलवादी पळून पळून कुठे जाणार? छत्तीसगडात. तेही भारतातच. पाकिस्तानातल्या मुरिदके आणि बहावलपूरच्या अड्ड्यांवर सी-६० जाऊ शकत नाही. जिथे भरती, प्रशिक्षण आणि पैसा सीमेपलीकडून येतो, तिथे ठाण्यातल्या फौजदारानं किती मारायचं?


ओघवती

गिल यांच्या मागे पहाडासारखं उभं राहणं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालडा यांनी अमृतसर भागातल्या स्मशानांच्या वह्या तपासल्या. बेवारस प्रेतांसाठी किती लाकूड घेतलं, किती कापड घेतलं, याच्या साध्या नोंदी. त्यांवरून त्यांनी दाखवून दिलं, की पोलीस माणसं उचलतात आणि बेवारस म्हणून जाळतात. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनाही घराबाहेरून उचललं आणि मारलं. सीबीआयच्या तपासात अशा २,०९७ अंत्यविधींची नोंद झाली. खालडा यांच्या खुनाबद्दल पोलिसांना जन्मठेप झाली.

दहशतवाद संपला हे खरं. पण पोलिसांच्या हाती अशी मोकळीक देणाऱ्या मुख्यमंत्र्यानं तिचा जाब कधी दिला नाही. माळरान, ‘काय करायचं ते तुम्ही बघा’ याचं तुम्हाला हवं असलेलं उदाहरण हे आहे.


गस्त

ओघवतीताई, हे सैन्यालाही लागू आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये माछिलला तीन तरुणांना कामाचं आमिष दाखवून नियंत्रण रेषेवर नेलं, मारलं आणि घुसखोर म्हणून दाखवलं. त्या उन्हाळ्यात खोरं पेटलं, शंभराहून जास्त माणसं गेली. लष्करी न्यायालयानं आपल्याच अधिकारी-जवानांना जन्मठेप दिली, पुढे लष्करी न्यायाधिकरणानं ती स्थगित केली. मी नोकरीत असताना एक गोष्ट पक्की शिकलो: कंपनी कमांडरला वरून ‘किती मारले?’ एवढाच प्रश्न रोज आला, की आज ना उद्या आकड्यासाठी माणूस मरतो. वरून काय विचारलं जातं तेच नेतृत्व.

नंतर काश्मीर खोऱ्यातल्या १५ कोअरला प्रमुख म्हणून जनरल हसनैन आले आणि त्यांनी गावागावांत लोकांना बोलतं केलं. त्यांना कोणी तसा हुकूम दिला नव्हता.


माळरान

सगळ्यांचे आभार. ठाम मत, तुमच्या दोन मुद्द्यांना उत्तर देणं मला भाग आहे.

अमृतसरबद्दल मला तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. तिथे निर्णय घ्यायला कोणी नव्हतं. पण ‘२०१६ पासून हिशेब बदलला’ हे मला तितकं उघड दिसत नाही. उरीनंतर पायदळ गेलं, पुलवामानंतर विमानं गेली, पहलगामनंतर क्षेपणास्त्रं गेली. दर वेळी आपलं उत्तर आधीपेक्षा मोठं, आणि तरीही पुढचा हल्ला झालाच. २७ फेब्रुवारी २०१९ च्या गोंधळात बडगामला आपणच आपलं हेलिकॉप्टर पाडलं, हवाई दलाचे सहा जण आणि खाली एक नागरिक गेला. मारू नये असं माझं म्हणणं नाही. पायरी वर चढताना शेवटची पायरी कुठली, हे कोणी ठरवलंय का, एवढंच विचारतोय.

दुसरं, सिंदूर. ७ मेच्या पहाटे पंचवीस मिनिटांत नऊ ठिकाणं उडवली, आणि लष्करी तळांना हात लावलेला नाही हे आपणच जगाला सांगितलं. मग ती मर्यादा होती की नव्हती? मला ती योग्य वाटते. युद्ध पेटवायचं नव्हतं, अतिरेक्यांचे अड्डे फोडायचे होते. ३१ मेला सिंगापूरला संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी विमानं पडल्याचं कबूल केलं, डावपेचातली चूक सुधारून दोन दिवसांत पुन्हा गेलो म्हणाले. त्यांचं ते सरळ बोलणं मला फार मोलाचं वाटलं. पण समोरची हवाई संरक्षण यंत्रणा न दाबता वैमानिक पाठवायचे, तर धोका वाढणारच. तो धोका सरकारनं समजून-उमजून पत्करला असेल, तर ‘हो, मर्यादा आम्ही घातली, या कारणासाठी घातली’ असं सरकारनं म्हणावं. ते ओझं हवाई दलप्रमुखांच्या भाषणावर का? वाजपेयींनी ते स्वतःच्या नावावर घेतलं होतं.

आणि उत्तरदायित्वाचं म्हणाल तर २००८ मध्ये २६/११ नंतर केंद्रीय गृहमंत्री, राज्याचे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री, तिघांनीही राजीनामे दिले. पहलगामला २६ माणसं मारली, त्यांत महाराष्ट्रातले सहा. बैसरनच्या कुरणात एकही सुरक्षा कर्मचारी नव्हता. जबाबदारी आपली आहे असं नायब राज्यपाल जुलैमध्ये म्हणाले. पुढे काय झालं?


ठाम मत

तीन राजीनाम्यांनी २००८ मध्ये कुठला अतिरेकी घाबरला? हाफिज सईद लाहोरात सभा घेतच होता.

मर्यादा जाहीर करा म्हणता, पण कारगिलमध्ये ती जाहीर होती म्हणूनच पाकिस्तानला कळलं, की पलीकडची रसद सुरक्षित आहे. त्याची किंमत आपल्याच जवानांनी दिली, ५२७ चा आकडा तुम्हीच दिलात. सेनापतीला आतून काय सांगितलंय ते शत्रूला कळता कामा नये. शेवटच्या पायरीबद्दलही तेच. ती ठरलेली नसेल तर वाईट, पण ठरलेली असेल तर ती मला आणि तुम्हाला माहीत असता कामा नये.


गस्त

या मुद्द्यावर ठाम मत बरोबर आहेत. लढाई चालू असताना गुप्तता हवीच. माळरान, तुमची अपेक्षा चुकीच्या वेळेची आहे.

पण लढाई संपल्यावर? कारगिल संपलं आणि २९ जुलै १९९९ ला सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली. पुढच्या फेब्रुवारीत अहवाल संसदेत मांडला गेला, नाजूक भाग झाकून. चुकलं कुठे, कोणाला काय कळलं नाही, बरंच त्यात आहे. तिन्ही दलांसाठी एक प्रमुख हवा ही शिफारस त्याच कामातून पुढे मंत्रिगटानं केली, २००१ मध्ये. पहिला प्रमुख रुजू झाला तो २०२० च्या १ जानेवारीला, जनरल रावत. अठरा वर्षांहून जास्त, दोन्ही आघाड्यांची सरकारं. आणि ८ डिसेंबर २०२१ ला रावत अपघातात गेले, तर ती खुर्ची नऊ महिन्यांहून जास्त रिकामी. ठाम मत, या दिरंगाईत शत्रूपासून लपवण्यासारखं काय होतं? यात कोणाची इच्छाशक्ती कमी पडली, ते तुम्ही सांगा.


ठाम मत

त्याचं समर्थन मी करणार नाही. नऊ महिने ती खुर्ची रिकामी राहायला नको होती. सिंदूरबद्दल तशी समिती नेमली तर माझी हरकत नाही, फक्त तिचा अहवाल निवडणुकीच्या सभेत वापरला जाऊ नये, कोणत्याच बाजूनं.


खाकी

समिती नेमायची तर तिच्या कामाची सुरुवात ७ मेपासून नको. २२ एप्रिलच्या सकाळपासून, खरं तर त्याच्याही आधीपासून हवी. हजारो पर्यटक काश्मीरला येत होते. त्यांतले बैसरनला रोज किती जातात, ते कुरण कोणाच्या हद्दीत, तिथे चौकी नको असं कोणी आणि कोणत्या कागदावर ठरवलं, आणि गोळीबार सुरू झाल्यावर पहिला सशस्त्र माणूस वर पोचायला किती वेळ लागला? अतिरेकी सापडले ते २८ जुलैला, दाचिगामच्या जंगलात. मधले तीन महिने ते कोणाकडे जेवले, हेही त्यात यायला हवं.